नाट्यगृहाच्या कार्यकारिणीत नवा माणूस घेताना: मुलाखत कशी घ्यावी

कार्यकारिणीत नवा माणूस घ्यायचा असतो तेव्हा आपल्याकडे साधारण असं होतं. सभा संपत आलेली असते, चहा आलेला असतो आणि कुणीतरी म्हणतं, "त्या अमक्यांना घेऊया की! भला माणूस आहे, नाटकाची आवडही आहे." सगळे माना डोलावतात. अध्यक्ष तिथूनच फोन लावतात. पलीकडून "मी काय, तुम्ही म्हणाल तसं" असं उत्तर येतं आणि विषय संपतो.

आमच्या तालुक्याच्या गावात संस्थेचं तीनशे खुर्च्यांचं नाट्यगृह आहे. तिथे मी नऊ वर्षं कार्यवाह आहे. पहिल्या चार वर्षांत आम्ही असेच सहा जण घेतले. त्यातल्या एका वजनदार नावाच्या गृहस्थांना बँकेत सही करणाऱ्यांमध्ये घातलं. तीन वर्षांत ते दोन सभांना आले. जनरेटरच्या दुरुस्तीचा चेक त्यांच्या सहीसाठी पाच आठवडे पडून राहिला आणि ऐन हंगामात दोन प्रयोग रद्द करावे लागले. चूक त्यांची नव्हती. सही करायला उठून इथवर यावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही मुलाखत घेतो. "फुकट काम करायला येणाऱ्याची कसली मुलाखत घेता?" हे मला दर वेळी ऐकावं लागतं. पण कार्यकारिणीवर आलेला माणूस नुसता कार्यकर्ता राहत नाही, कायद्याच्या नजरेत तो विश्वस्त होतो. संस्थेची वास्तू, पैसा आणि उत्तरदायित्व त्याच्याही नावावर येतं. त्याला हे न सांगता आत घेणं म्हणजे त्याची फसवणूकच.

पुढचं सगळं स्वतःची वास्तू असलेल्या, महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थांसाठी आहे. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर महापालिकेचं आहे, तिथला कारभार वेगळा. भरत नाट्य मंदिर संस्थेचं स्वतःचं आहे, आपला प्रश्न त्या प्रकारातला. गोव्यातल्या मंडळींना मुलाखतीचा भाग उपयोगी पडेल, पण शेवटचा कागदपत्रांचा भाग लागू नाही, कारण महाराष्ट्राचा विश्वस्त कायदा तिथे चालत नाही.

१. आधी संस्थेची घटना काढा आणि वाचा

कपाटातली, पिवळी पडलेली, शेवटचं पान सुटं झालेली, तीच. त्यात चार गोष्टी शोधा: कार्यकारिणीत जास्तीत जास्त किती जण, मुदत किती, मधेच रिकामी झालेली जागा कशी भरायची, आणि सदस्य व्हायला आधी काही वर्षं सभासद असावं लागतं का.

सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे. घटनेत "सर्वसाधारण सभेतून निवडणुकीने" असं लिहिलं असेल, तर तुमच्या मुलाखतीने कुणाची नेमणूक होत नाही. तुम्ही फार तर शिफारस करू शकता. बऱ्याच घटनांमध्ये एक-दोन "स्वीकृत सदस्य" घेण्याची सोय असते, मुलाखतीचा खरा उपयोग त्या जागांसाठी. घटना न वाचता घेतलेल्या माणसावर पुढे एखाद्या नाराज सभासदाने हरकत घेतली, की त्या माणसाने मतं दिलेल्या ठरावांवरही प्रश्नचिन्ह लागतं.

२. कोण हवं ते लिहा, पण नाव लिहू नका

आधी नाव सुचलं की बाकीचं डोकं त्या नावाची वकिली करायला लागतं. म्हणून आधी आत कोण आहे ते मांडा. आम्ही मांडलं तेव्हा अकरापैकी सात निवृत्त शिक्षक निघाले. सगळे गुणी, पण सभेत एकाच वेळी सात जण फळ्यासमोर उभे असल्यासारखं वाटायचं. हिशेब कळणारा एकच, बांधकामातलं कुणालाच काही कळत नव्हतं, पस्तिशीच्या आतलं कुणी नाही, आणि दोन बायका होत्या त्यांच्याकडे वर्षानुवर्षं स्वागत आणि पुष्पगुच्छ. गावात शाहिरीचे तीन फड असून त्यांच्यातलं कुणीही नव्हतं. यादी आपोआप तयार झाली.

तीन ओळी पुरतात. उदाहरणार्थ: "छप्पर आणि वायरिंगचं काम येत्या दोन वर्षांत काढायचं आहे. इंजिनिअर किंवा ठेकेदारीचा अनुभव असलेली, पण स्वतः आमचं काम न घेणारी व्यक्ती हवी."

३. मुलाखत कोण घेणार

तिघं असावेत. अध्यक्षांनी एकट्याने घेऊ नये, आणि ज्याने नाव सुचवलं त्याने तर अजिबात नाही. तिघांतल्या एकाने फक्त लिहून घ्यायचं. आपल्याकडे लिहून घेणारा थोड्या वेळाने स्वतःच बोलायला लागतो, त्याला आधीच बजावून ठेवा.

४. कागद आधी पाठवा

निदान आठ दिवस आधी हे हातात पडायला हवं:

– घटना व नियमावलीची प्रत
– पी.टी.आर.चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तसंस्थांच्या नोंदवहीचा, ताजा उतारा (सध्याचे विश्वस्त आणि मालमत्ता त्यात दिसते)
– मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद
– मागच्या वर्षातल्या दोन सभांचं इतिवृत्त, त्यातलं एक भांडणाचं
– मागच्या वर्षी सभा झाल्या त्या तारखा आणि वेळा
– चालू असलेल्या दाव्यांची, थकबाकीची आणि कर्जाची एका पानात माहिती

शेवटचा कागद पाठवायला कोषाध्यक्ष कुरकुरतात. "घरातली भांडीकुंडी कशाला दाखवायची?" पण नको असलेलं सत्य नंतर कळलेला माणूस तिसऱ्या महिन्यात राजीनामा देतो, आणि गावभर का दिला ते सांगतो.

५. आधी वास्तू दाखवा, मग बसा

मुलाखत कुणाच्या घरी ठेवू नका. पोहे येतात, नातवंडं येतात आणि अवघड प्रश्न आतच राहतात. नाट्यगृहातच बोलवा, प्रयोग नसलेल्या दिवशी. बसण्याआधी अर्धा तास सगळं फिरवून दाखवा: ग्रीनरूम, विंगा, वरची लाइटची खोली, बायकांचं स्वच्छतागृह, पावसाळ्यात जिथे बादली ठेवतो तो कोपरा, मीटरबोर्ड.

माणूस कशापाशी थांबतो ते बघा. एक जण रंगमंचाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "काय ऊर्जा आहे हो इथे!" दुसऱ्या बाईंनी विचारलं, "बाहेर पडायला हे एकच दार आहे का? या पडद्यांना आग लागली तर?" २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं रंगमंदिर एका रात्रीत गेलं. त्यानंतर हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी यायला हवा होता, पण आमच्याकडे आलेल्या पाच जणांत तो एकटीनेच विचारला. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्या बाई आता ते काम बघतात.

६. विचारायचं काय

"तुम्हाला नाटकाची आवड आहे का?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. मी एकदा विचारला. समोरचे गृहस्थ मराठी नाटकाची सुरुवात मानतात त्या १८४३ सालच्या सांगलीपासून निघाले आणि पंचवीस मिनिटांनी संगीत नाटकाच्या सुवर्णकाळात पोचले. ऐकायला बहार आली, पण ते महिन्यातून एक रविवार देऊ शकतील का, हे शेवटपर्यंत कळलं नाही. आवड असलेली माणसं प्रेक्षागृहात भरपूर बसतात, आणि तिथे त्यांची गरजही आहे. आपल्याला सभेच्या टेबलाशी बसणारं माणूस हवं आहे.

"काय कराल?" यापेक्षा "काय केलंत?" हे विचारा. सोसायटीची कमिटी, गणेशोत्सव मंडळ, शाळेची पालक समिती, पतसंस्था, भजनी मंडळ, काहीही चालेल. आमच्या वहीतले प्रश्न देते.

"चार जणांनी मिळून करायच्या एखाद्या कामातून तुम्ही मधेच बाहेर पडलात का? का पडलात?" यात माणूस कळतो. "तिथे सगळेच चोर होते" असं उत्तर आलं तर पुढच्या संस्थेत त्या सगळ्यांमध्ये आपण असणार. "माझं आणि खजिनदारांचं पटेना, मी दोनदा लेखी मांडलं, मग मुदत संपेपर्यंत थांबून बाहेर पडलो," असं सांगणारा माणूस मला हवा.

"सभेत तुम्ही एकटेच विरोधात आहात, असं कधी झालं? ठराव मंजूर झाल्यावर बाहेर लोकांना काय सांगितलंत?" प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा. सभेत गप्प बसून पारावर बोलणारे आपल्याकडे कमी नाहीत.

"आम्ही पाठवलेल्या ताळेबंदात तुम्हाला कुठे खटकलं?" इथे हिशेबाची परीक्षा घ्यायची नाही. कागद उघडला होता की नाही, तेवढंच कळतं. "मला यातलं फारसं समजत नाही, पण दुरुस्तीचा खर्च एका वर्षात तिप्पट कसा झाला?" हे उत्तम उत्तर. "तुमच्यावर विश्वास आहे, बघायचं काय त्यात!" हे सगळ्यात वाईट, आणि सगळ्यात जास्त वेळा येणारं.

मग एक प्रसंग द्या. आमचा ठरलेला प्रसंग तारखेचा, कारण नाट्यगृहातली निम्मी भांडणं तारखांवरून होतात. "शनिवारची संध्याकाळ एकच आहे. मुंबईहून व्यावसायिक नाटक येतंय, पूर्ण भाडं देतंय. त्याच दिवशी गावातल्या हौशी मंडळाला राज्य नाट्य स्पर्धेची रंगीत तालीम करायचीय, निम्म्या दरात. तारीख कुणाला द्याल?" याचं बरोबर उत्तर माझ्याकडेही नाही. पण कोणी लगेच एक बाजू घेतो, आणि कोणी आधी विचारतो: पहिली मागणी कुणाची आली, नियम काय लिहिलाय, तालीम सकाळी होणार नाही का, या महिन्यात वीजबिलाला पैसे आहेत का. दुसऱ्या प्रकारच्या माणसापुढे मी चहाचा दुसरा कप ठेवते.

वेळेबद्दल "सवड आहे का?" असं विचारू नका, सगळ्यांना सवड असते. मागच्या वर्षीच्या सभांच्या तारखा समोर ठेवा आणि म्हणा, "यातल्या किती सभांना तुम्ही खरंच येऊ शकला असतात?" लग्नसराई, मुलाकडे पुण्याला जाणं, शेतीची कामं, सगळं तेव्हा आठवतं. चौदापैकी नऊ म्हणाले तरी चालेल, त्यांनी मोजून सांगितलंय हे मोलाचं.

७. हितसंबंध: तोंडातून न निघणारा प्रश्न

गाव लहान असतं. मंडपवाला कुणाचा तरी मेव्हणा, साउंडवाला कुणाचा तरी भाचा, हॉल कायम भाड्याने घेणारा क्लास कुणाच्या तरी जावेचा. यात पाप काही नाही, लपवण्यात आहे. मी हा प्रश्न थेट विचारत नाही. आधी स्वतःचं सांगते: "माझ्या भावाचं छपाईचं दुकान आहे. तिकिटं तो छापत होता, मी कार्यवाह झाल्यावर त्याच्याकडून काम घेणं आम्ही बंद केलं. तुमच्याकडे असं काही आहे का?" मग समोरचा मोकळा होतो.

हे नुसतं लोकलाजेसाठी नाही. विश्वस्ताला किंवा त्याच्या नातलगाला संस्थेच्या पैशातून गैरवाजवी फायदा झाला, तर आयकरातली सूट धोक्यात येते. ऑडिटर ती नावं मागतोच.

स्वतःची नाट्यसंस्था चालवणाऱ्यांना आणखी एक विचारा: "तुमच्या नाटकाला तारीख हवी असेल तेव्हा तुम्ही सभेत असाल का बाहेर?" कॅन्टीनच्या गाळ्याचंही सांगून ठेवा. इमारतीचा भाडेपट्टा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि संस्थेच्या नावावर कर्ज काढायलाही लागते. "मी बघून घेतो, तहसीलमध्ये ओळख आहे" असं या टप्प्यावर कुणी म्हणालं, तर लिहून घेणाऱ्याने ते शब्दशः लिहावं.

राजकीय पक्षाचं पद असेल तर त्यावरून नाकारू नका, पण निवडणुकीच्या दिवसांत सभागृह कुणाला आणि कसं द्यायचं यावर त्यांचं मत आधी ऐकून घ्या. गुन्ह्याबद्दलही विचारता येतं, त्यात अपमान नाही: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या विश्वस्ताला दूर करण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे. प्रश्न सगळ्यांना विचारा, एकट्या कुणाला वेगळं काढू नका.

८. काय विचारायचं नाही

जात, आडनावाचं मूळ, "तुम्ही मूळचे कुठले?" हे नाही. बाईंना "घरी चालेल का? मिस्टर काय म्हणतील?" हे तर नाहीच. आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी सवयीने विचारलं, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरी चालतं का?" त्या दिवसापासून तो प्रश्न आमच्या वहीतून कायमचा गेला. देणगीही मुलाखतीत मागू नका. मागितली तर तुम्ही खुर्ची विकताय असा अर्थ होतो, आणि देणाराही तसाच वागतो.

९. त्यांना विचारू द्या

शेवटची वीस मिनिटं त्यांची. प्रश्न आलेच नाहीत तर तुम्हीच सुरू करा: "आमच्याकडे न आवडण्यासारखं काय आहे ते सांगू का?" आणि सांगा. मालमत्ता कराची थकबाकी, दोन माजी पदाधिकाऱ्यांमधलं वैर, पहारेकऱ्याचा न वाढवलेला पगार. खर्चाचंही स्पष्ट करा: प्रवासखर्च मिळतो का, फोनचा मिळतो का. आमच्याकडे काहीच मिळत नाही, प्रयोगाला दोन पास मिळतात, तेही शेवटच्या रांगेतले.

त्याच दिवशी होकार घेऊ नका. घरी जाऊन विचार करायला आठवडा द्या.

१०. ठरवणं आणि नकार देणं

तिघांनी आपापलं मत आधी कागदावर लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर अध्यक्षांनी "मला आवडले बुवा" म्हटलं की बाकी दोघांचंही तेच होतं.

नकार देणं हे आपल्या गावांतलं सगळ्यात कठीण काम. म्हणून लोक तो देतच नाहीत, फोन उचलायचं थांबवतात. असं करू नका, तो माणूस उद्या भाजी घेताना भेटणार आहे. फोन करा, आठ दिवसांच्या आत, आणि मुलाखत घेणाऱ्यानेच. "काका, या वेळी आम्हाला बांधकामाचं कळणारं माणूस हवं होतं, म्हणून दुसऱ्यांना घेतोय. पण नाट्यवाचनाची तुमची कल्पना आम्हाला करायची आहे, ती तुम्ही चालवाल का?" दुसरं वाक्य मनात असेल तरच बोला. पंचवीस मिनिटं बोलणारे ते गृहस्थ आता आमच्याकडे महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी रंगभूमीच्या इतिहासावर बोलतात, साठ-सत्तर लोक येतात.

११. होकार आल्यावरचे कागद

सगळे इथे दमतात आणि इथेच चुकतात.

– सभेची नोटीस आणि विषयपत्रिका, त्यात हा विषय स्पष्ट लिहिलेला. "आयत्या वेळच्या विषयात" घेऊ नका.
– कोरम पूर्ण असल्याची हजेरी आणि मंजूर ठराव
– नव्या सदस्याचं सहीचं संमतीपत्र, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो
– जागा रिकामी कशी झाली त्याचा पुरावा: राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला
– चेंज रिपोर्ट

चेंज रिपोर्ट म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खालचा अर्ज. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो. "ऑडिटच्या वेळी एकदम करू" म्हणून ठेवलेले चेंज रिपोर्ट साठत जातात, मग पुढचा मंजूर व्हायला मागचा लागतो. आमचे तीन साठले होते. राजीनामा दिलेले एक सदस्य तोवर अमेरिकेत मुलीकडे गेलेले, त्यांच्या सहीचा मूळ कागद कुणालाच सापडेना. तो अखेर तबल्याच्या खोक्यात सापडला. राजीनामा घ्याल त्याच दिवशी त्याचा फोटो काढा आणि मूळ प्रत फाइलला लावा.

बँकेचं वेगळं असतं. नुसता ठराव नेला तर बहुतेक बँका पी.टी.आर.वर नाव चढल्याचा उतारा मागतात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून सही करणारा म्हणून धरू नका आणि जुन्या सह्या घाईने काढू नका.

पहिल्या सभेला नव्या सदस्याला दाराजवळची खुर्ची देऊ नका, कोषाध्यक्षांच्या शेजारी बसवा. नाट्यगृहाची किल्ली देणार असाल तर रजिस्टरमध्ये सही घेऊनच द्या. आमच्या मागच्या दाराच्या एकूण किती किल्ल्या गावात फिरतायत, ते आम्ही अजून मोजतोय.